खाऱ्या पाण्याच्या टाकीतील पहिले शैवाल

बेळगावात, समुद्रापासून इतक्या दूर घाटमाथ्यावर, आपण खाऱ्या पाण्याची मत्स्यटाकी मनावर घेतली याचा मला फार आनंद झाला. सुरुवात कीटोमॉर्फा या एकाच शैवालाने करावी. हिरव्या नायलॉन दोऱ्याच्या गुंत्यासारखे दिसणारे हे शैवाल कशालाही चिकटून राहत नाही. चिमटीत धरून पाहिल्यास निरोगी धागे तारेसारखे ताठ लागतात, तर मरू लागलेले धागे पांढुरके आणि बुळबुळीत होतात.

वेलीसारखे पसरणारे कॉलेर्पा सुंदर असले तरी सध्या टाळावे, कारण ते कधी कधी एका रात्रीत युग्मके (प्रजनन पेशी) सोडून पांढरे पडते, पाणी दुधाळ होते आणि प्राणवायू घटल्याने मासे दगावू शकतात.

नवशिक्यांच्या बहुतेक चुका पाण्याच्याच असतात. राकसकोप जलाशयातून येणारे नळाचे पाणी असो वा विहिरीचे, ते थेट न वापरता आरओच्या (गाळून क्षार काढलेल्या) पाण्यात मत्स्यटाकीसाठीचे सागरी मीठ विरघळवावे आणि विशिष्ट घनता (शुद्ध पाण्याच्या तुलनेतील घनता) १.०२५ च्या आसपास राखावी. पाणी आटले की भर मात्र बिनमिठाच्या आरओ पाण्याचीच घालावी, कारण वाफेबरोबर मीठ उडून जात नाही.

पाण्यात साठणारी नायट्रेट व फॉस्फेट ही द्रव्ये शून्यावर आणण्याची घाई करू नये; तेच शैवालाचे अन्न आहे. गुंता दाट झाला की थोडा भाग काढावा, कारण शोषलेली द्रव्ये तेव्हाच टाकीबाहेर जातात. काढलेले शैवाल ओढ्यात किंवा गटारात न टाकता उन्हात पूर्ण वाळवून मगच फेकावे.

खतांचा विचार तूर्त नको.