‘कृत्रिम गांजा’ हा प्रतिशब्द योग्य आहे का?

‘सिंथेटिक कॅनॅबिनॉइड’ (म्हणजे गांजातील नशेच्या द्रव्यासारखे काम करणारे, प्रयोगशाळेत बनवलेले रसायन) या संज्ञेसाठी ‘कृत्रिम गांजा’ लिहिले तर चालेल का, असे एका अनुवादकाने विचारले आहे. माझ्या मते चालू नये, आणि त्याची कारणे भाषेत जितकी आहेत, त्याहून अधिक औषधशास्त्रात आहेत.

मराठीत ‘कृत्रिम’ म्हटले की मूळ वस्तूचे काम भागवणारी, पण तिच्याहून थोडी उणीच अशी वस्तू मनात येते. कृत्रिम दात किंवा कृत्रिम रेशीम या शब्दांत हीच छटा आहे. या रसायनांच्या बाबतीत ती घातक ठरते. जेडब्ल्यूएच-018 हे संयुग घ्या. अमेरिकेतील क्लेमसन विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञ जॉन डब्ल्यू. हफमन यांच्या प्रयोगशाळेत ते संशोधनासाठी तयार झाले आणि त्यांचीच आद्याक्षरे त्याला मिळाली. 2008 च्या अखेरीस जर्मनीत ‘स्पाइस’ नावाने विकल्या जाणाऱ्या पाल्याच्या पाकिटांत ते सापडले. अशा पाकिटांतील पाला केवळ वाहक असतो. विद्रावकात विरघळवलेले रसायन त्यावर फवारतात, आणि फवारा सगळीकडे सारखा बसत नसल्याने एकाच पाकिटातील दोन चिमटींची मात्रा वेगवेगळी भरू शकते.

गांजातील टीएचसीशी, म्हणजे नशा आणणाऱ्या मुख्य द्रव्याशी, या संयुगाची रचना जुळत नाही. याच्या रेणूत इंडोल नावाचे, नायट्रोजन असलेले अणूंचे कडे आहे. टीएचसीत नायट्रोजनच नाही. साम्य आहे ते क्रियेत, कारण दोन्ही द्रव्ये मेंदूतील सीबी-1 या ग्राहीला (पेशीवरील, रसायनाचा संदेश घेणाऱ्या रेणूला) जाऊन चिकटतात. (याच ग्राहीवर काम करणारे शरीरातील एक द्रव्य 1992 मध्ये सापडले, तेव्हा संशोधकांनी त्याचे नाव संस्कृत ‘आनंद’वरून ठेवले, म्हणून मराठीत ते ‘आनंदामाइड’ असेच लिहावे, असा माझा आग्रह आहे.) मात्र टीएचसी हे ग्राहीचे अंशतः उद्दीपक आहे, म्हणजे ते तिला पूर्ण क्षमतेने चेतवत नाही, त्यामुळे मात्रा वाढवली तरी ग्राहीच्या प्रतिसादाला मर्यादा राहते. जेडब्ल्यूएच-018 हे पूर्ण उद्दीपक असून ग्राहीला अधिक घट्ट धरते, आणि यकृताने त्याचे रूपांतर केल्यावर तयार होणारी काही द्रव्येही त्याच ग्राहीवर काम करीत राहतात. झटके, वाढलेली धडधड, उलट्या, तीव्र अस्वस्थता आणि भ्रम घेऊन रुग्ण दवाखान्यात येतो. पण टीएचसी शोधणाऱ्या नेहमीच्या लघवीच्या तपासणीत हे संयुग सापडत नाही.

शिवाय आपल्याकडे 1985 च्या एनडीपीएस या अमली पदार्थविषयक कायद्यात ‘गांजा’ म्हणजे कॅनॅबिस वनस्पतीचे फुलोरा किंवा फळे धरलेले शेंडे, अशी व्याख्या आहे. या रसायनाचा त्या झाडाशी काही संबंध नाही.

म्हणून शास्त्रीय लेखनात ‘संश्लेषित कॅनॅबिनॉइड’ लिहावे, आणि बातमीत ‘प्रयोगशाळेत बनवलेले अमली रसायन’ असे लिहून पुढे संयुगाचे नाव द्यावे. केमोथेरपीमुळे होणाऱ्या उलट्यांवर दिले जाणारे ड्रोनॅबिनॉल मात्र वेगळे ओळखता आले पाहिजे: त्याचा रेणू झाडातील टीएचसीचाच असतो, तो प्रयोगशाळेत घडवलेला असतो इतकेच, तेव्हा त्याला ‘संश्लेषित टीएचसी’ म्हणणे अचूक ठरेल.