म्हशीच्या कासेवरची गाठ डॉक्टरांनी काढली. तिचा तुकडा कोल्हापूरहून पुण्याला औंधच्या प्रयोगशाळेत बर्फात घालून पाठवला तर चालेल का?

नाही, सूक्ष्मदर्शकाखाली पेशी बघायच्या असतील तर बर्फ नको, तुकडा १० टक्के फॉर्मॅलिनमध्येच पाठवा. ऊतींच्या स्लाइड बनवणं हे माझं रोजचं काम आहे. बर्फाने कुजणं फक्त मंदावतं. त्यात तुकडा गोठलाच, तर पाण्याचे स्फटिक पेशी फाडतात आणि स्लाइडवर जागोजागी भोकं दिसतात. मग गाठ साधी की कॅन्सरची, हे कुणालाच नीट सांगता येत नाही. फॉर्मॅलिन पेशींना आहे त्या स्थितीत धरून ठेवतं, पण आत मुरतं फार सावकाश, तासाला जेमतेम १ मिलिमीटर. म्हणून डॉक्टरांना एवढं सांगाच:

- तुकडा अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जाड नको; गाठीची कड आणि लगतचा निरोगी भाग दोन्ही त्यात हवेत.
- फॉर्मॅलिन तुकड्याच्या दहापट.
- बरणी रुंद तोंडाची. तुकडा आत कडक होतो, अरुंद बाटलीतून निघत नाही.

मात्र जंतू वाढवून तपासायचे असतील तर फॉर्मॅलिन चालणार नाही, त्यात जंतू मरतात. त्यासाठी दुसरा तुकडा निर्जंतुक डबीत, बर्फावर, वेगळा पाठवा.