वाचकांचे प्रश्न : तिरप्या राफ्टरवरचा भार आणि बेरजेचा चकवा

प्रश्न : दोन्ही बाजूंना 30 अंश उतार असलेल्या छताचे मॉडेल मी रचना-विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमध्ये तयार केले आहे. प्रत्येक राफ्टर (छत पेलणारी तिरपी तुळई) उतारावर मोजल्यास 6 मीटर लांबीचा असून त्याची दोन्ही टोके साधी टेकलेली आहेत. राफ्टरमधील अंतर 3 मीटर आणि छतावरील चल भार (माणसे, सामान यांचा बदलता भार) 1 किलोन्यूटन प्रति चौरस मीटर धरून मी प्रत्येक राफ्टरवर 3 किलोन्यूटन प्रति मीटर इतका यूडीएल (लांबीभर सारखा पसरलेला भार) दिला. आधारांवरील उभ्या प्रतिक्रियांची (आधार भाराला देतात त्या उलट बलांची) बेरीज हाताने केलेल्या हिशेबाशी तंतोतंत जुळते, परंतु राफ्टरमधला बेंडिंग मोमेंट (वाकवणारा मोमेंट) सॉफ्टवेअर 13.5 किलोन्यूटन-मीटर दाखवते आणि माझ्या हिशेबाने तो 10.1 येतो. बेरीज बरोबर असताना मोमेंट कसा चुकतो?

उत्तर : आपला हाताचा हिशेब बरोबर आहे आणि सॉफ्टवेअरनेही आपण सांगितले तेच केले आहे, भार देताना दिशेच्या खिडकीत आपण लोकल अक्ष निवडला असणार. 13.5 हा आकडाच ते सांगतो, कारण भार गुणिले लांबीचा वर्ग भागिले 8 या सूत्राने 3 गुणिले 6 चा वर्ग भागिले 8 म्हणजे 13.5.

तिरप्या मेंबरवर (राफ्टर, बीम यांसारख्या सुट्या घटकावर) 3 किलोन्यूटन प्रति मीटर भार आहे एवढ्याने काम भागत नाही. तो कोणत्या दिशेने लागतो आणि त्यातला मीटर कोणत्या रेषेवर मोजायचा, हेही प्रोग्रामला सांगावे लागते. लोकल दिशा निवडली की भार मेंबरला काटकोनात लागतो. ग्लोबल निवडली की तो सरळ खाली लागतो, पण लांबी उतारावर मोजली जाते. प्रोजेक्टेड निवडली की भार सरळ खालीच लागतो, मात्र लांबी आडव्या प्रक्षेपावर, म्हणजे आपल्या बाबतीत 6 ऐवजी 5.196 मीटर, धरली जाते. स्टाड प्रो या सॉफ्टवेअरमध्ये या तीन दिशा अनुक्रमे वाय, जीवाय आणि पीवाय अशा दिसतात. सॅप 2000 या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उभा अक्ष झेड असल्याने अक्षरे बदलतात आणि तिसऱ्या पर्यायाला ग्रॅव्हिटी प्रोजेक्टेड म्हणतात.

आता आपल्याच राफ्टरवर तिन्ही पर्याय चालवून पाहू. प्रोजेक्टेडमध्ये एकूण उभा भार 3 गुणिले 5.196, म्हणजे 15.59 किलोन्यूटन, आणि मोमेंट 10.1 येतो. ग्लोबलमध्ये उभा भार 18 आणि मोमेंट 11.7 होतो. लोकलमध्ये राफ्टरला काटकोनात 18 किलोन्यूटन लागतात, त्यांचा उभा घटक 18 गुणिले कोसाइन 30, म्हणजे पुन्हा 15.59 भरतो. उभी बेरीज जुळली ती यामुळे, आणि हा योगायोग नव्हे : एकीकडे कोसाइन लांबीला लागतो, दुसरीकडे बलाला, त्यामुळे कोन कोणताही असला तरी ती जुळणारच. उरलेला 9 किलोन्यूटनचा आडवा घटक एरवी चूक उघडी पाडता, पण आपले छत दोन्ही बाजूंना सारखे असल्याने समोरच्या राफ्टरचे 9 किलोन्यूटन त्याला खोडून टाकतात आणि आडवी बेरीजही शून्य दिसते. प्रतिक्रियांची एकूण बेरीज तपासण्याची सवय चांगलीच आहे, मात्र या ठिकाणी ती आंधळी ठरते.

म्हणून अशा मॉडेलमध्ये मी अक्षीय बलाची (मेंबरच्या लांबीच्या दिशेतील बलाची) आकृती आधी पाहतो. सरळ खाली लागणाऱ्या भाराचा काही अंश राफ्टरच्या लांबीच्या दिशेने जातोच, त्यामुळे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अक्षीय बल बदलत गेले पाहिजे. आपल्या राफ्टरमध्ये हा फरक 15.59 गुणिले साइन 30, म्हणजे 7.8 किलोन्यूटन असायला हवा. आकृती सपाट असेल तर भार काटकोनात लागला आहे, असे खुशाल समजावे.

चल भार आराखड्यातील (वरून दिसणाऱ्या आडव्या) क्षेत्रफळावर दिलेला असल्यामुळे आपल्याला प्रोजेक्टेड हवा. पत्रे, पर्लिन (राफ्टरवर आडव्या बसवलेल्या, पत्रे पेलणाऱ्या तुळया) आणि राफ्टरचे स्ववजन उतारावरच्या लांबीप्रमाणे वाढते, म्हणून त्यांना ग्लोबल. वाऱ्याचा दाब पृष्ठभागाला काटकोनात असतो, तेथे लोकलच योग्य. आडव्या बीमवर गुरुत्वाच्या भारासाठी तिन्ही पर्याय एकच उत्तर देतात, आणि बहुतेक जण आडव्या बीमवर शिकलेले असल्यामुळेच ही चूक इतकी सर्रास होते.

प्रश्न : यूडीएल अचूक लागावा म्हणून बीमचे दहा तुकडे करावेत का?

उत्तर : स्थिर भारासाठी गरज नाही. प्रोग्राम मेंबरवरील यूडीएलचे रूपांतर टोकांवरील समतुल्य बलांत, म्हणजे प्रत्येक टोकाला भार गुणिले लांबी भागिले 2 इतके बल आणि भार गुणिले लांबीचा वर्ग भागिले 12 इतका मोमेंट, असे करतो आणि मधल्या भागातील मोमेंट नंतर मिळवतो. तुकडे केल्याने उत्तर बदलत नाही. कंपनांच्या विश्लेषणात मात्र वस्तुमान सामान्यतः नोडवर (मेंबरच्या टोकांच्या जोडबिंदूंवर) गोळा केले जाते, त्यामुळे बीमच्या मधल्या भागाचे कंपन हवे असेल तर मध्ये नोड द्यावेच लागतात. तुकडे केल्यावर अर्धवट लांबीवरचे किंवा समलंबी (लांबीनुसार कमीजास्त होणारे) भार नव्याने तपासावेत, कारण त्यांची अंतरे त्या त्या तुकड्याच्या सुरुवातीच्या नोडपासून मोजली जातात, आणि एखादा तुकडा उलट दिशेने काढलेला असेल तर त्यावरचा भारही उलट टोकाला जाऊन बसतो.