परिक्रमेवरून आलो, आता घरात मन लागंना

"साडेचार महिने पायी हिंडले, फोनवर एक तक्रार नव्हती. घरात पाऊल टाकलं आणि गपगार झाले. हे वैराग्य म्हणायचं की डोक्याचा आजार?" जांबोटी भागातल्या एका काकूंनी नवऱ्याला खुर्चीत बसवता बसवता हे विचारलं. चैत्र-वैशाखात नर्मदा परिक्रमेहून माणसं परततात, तेव्हा खानापूर-बेळगावकडच्या बऱ्याच घरांतून असाच प्रश्न येतो. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

काका 62 वर्षांचे. कार्तिकी एकादशीनंतर ओंकारेश्वरला परिक्रमा उचलली आणि एप्रिलच्या सुरुवातीला तिथंच पूर्ण केली. कन्याभोजन झालं, कढाई म्हणजे शिऱ्याचा प्रसाद झाला, देवाला जल चढवलं आणि दुसऱ्या दिवशी खंडव्याहून रेल्वे धरली. नदी उजव्या हाताला ठेवून अडीच हजारांहून जास्त किलोमीटर चाललेला माणूस दीड दिवसात दारात. चौथ्या दिवशी मावंदं, म्हणजे यात्रेनंतरचं जेवण, दीडशे पानं. पाचव्या दिवसापासून ओसरीवरची खुर्ची.

जुन्या रीतीत परतीला दिवस असायचे. गोपाळकाला झाला की माउलींची पालखीसुद्धा पायीच आळंदीला परतते. जाण्यापेक्षा कमी दिवसांत, पण पायी. आपण मात्र जाताना चालतो आणि येताना नुसते पोचतो.

पहिल्या भेटीत आम्ही समुपदेशकांनी उपदेश केला नाही. एक कागद मधोमध दुमडला, डावीकडे वाटेवरचा दिवस लिहायला सांगितला, उजवीकडे घरचा. डावीकडे: चारला उठणं, स्नान, पूजा, सहाला चालायला लागणं, 20 ते 25 किलोमीटर, दुपारी कुणीतरी हाक मारून वाढलेलं जेवण, संध्याकाळी आश्रमात आरती, आठला आडवं. उजवीकडे: चारला जाग, सातपर्यंत आढ्याकडे बघत पडणं, चहा, खुर्ची, मोबाईल, रात्री अकरापर्यंत टीव्ही. दिवसाला 25-30 हजार पावलांवरून दोन हजारांवर. अशा वेळी झोप तुटते, चिडचिड होते, अंग जड होतं. एवढ्यावरून लगेच आजार ठरत नाही.

काकांना सात वर्षांपासून मधुमेह. वाटेवर साखर उतरली म्हणून तिकडच्या डॉक्टरांनी गोळी अर्ध्यावर आणली होती. चालणं थांबलं, गोळी अर्धीच राहिली. घरच्यांनी तपासणी केली ती एचबी-ए-वन-सी, आणि ती उत्तम आली. येणारच! ती मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवते, म्हणजे ती साखर नर्मदाकाठची. उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची साखर बघायला सांगितली, तर दोन्ही वाढलेल्या. थकव्याचा बराचसा उलगडा तिथंच झाला. डोस त्यांच्या डॉक्टरांनी बदलला. सोबत हिमोग्लोबिन, बी-12 आणि थायरॉईड तपासून घेतलं. परतल्यावर ताप आला किंवा दोन आठवड्यांवर खोकला राहिला, तर समुपदेशन नंतर, आधी दवाखाना.

मग नैराश्य किती आहे हे बघणारी पीएचक्यू-9 ही प्रश्नावली भरून घेतली. मागच्या दोन आठवड्यांवर नऊ प्रश्न, एकूण 27 गुण. काकांचे आठ, म्हणजे सौम्य. दहाच्या वर गेलं की मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवतो. नववा प्रश्न मरणाच्या, स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. तिथं शून्याखेरीज काहीही आलं, तर बेरीज कितीही कमी असो, त्याच दिवशी नीट बोलतो. काकांचं तिथं शून्य होतं.

आता वैराग्य. तिसऱ्याच दिवशी काकांनी काकूंना विचारलं होतं, "काजू त्या भावात कुणाला विचारून घातलीस?" विरक्त माणूस काजूच्या भावावरून भांडत नाही. हे आम्ही तोंडावर म्हटलं, तेव्हा काका पहिल्यांदा हसले.

दुखणं त्या भांडणातच होतं. वाटेवर अनोळखी माणसं 'बाबाजी' म्हणून पाया पडत, हाताला धरून जेवायला बसवत. घरी त्यांच्याशिवाय सगळं चाललेलं: सोसायटीचा हप्ता भरलेला, गाय व्यालेली, काजू विकलेली. आपली जागा भरून निघाली, हे त्यांना बोचत होतं, आणि ते बोलायचं सोडून ते हिशेब तपासत होते. काकूंना त्या भेटीत विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "तिकडं लोक तुमास्नी वाढत होते. हिकडं मला कोण वाढत होतं?" बराच वेळ कुणी बोललं नाही.

ठरवलं ते असं. चालणं एकदम शून्यावर आणायचं नाही: पहिला आठवडा रोज आठ किलोमीटर, दुसरा सहा, पुढं चार-पाच. टीव्ही नऊला बंद. चारला जाग आली तर उठायचंच, पण गोठा काकांचा. घरच्या व्यवहारातला एकही निर्णय 40 दिवस बदलायचा नाही, नवी यात्राही ठरवायची नाही. अक्षय तृतीयेच्या सुमारास चारधामचे दरवाजे उघडतात, आणि काकांनी एका टूरवाल्याला फोन केलाही होता. रात्री जेवणानंतर 20 मिनिटं काकांनी परिक्रमेचा एकच टप्पा सांगायचा, पुढची 20 मिनिटं काकूंनी त्याच दिवसांतलं घर सांगायचं. शूलपाणीच्या झाडीतला, म्हणजे वाटेवरच्या जंगलातला आठवडा आणि त्याच आठवड्यात घरी काय झालं, असं.

दोन गोष्टी फसल्या. आठ किलोमीटर काकांना अपमान वाटला. चौथ्या दिवशी पहाटे अठरा किलोमीटर मारून आले, डांबरी रस्त्यावर, झिजलेल्या बुटांत. गुडघा सुजला, पाच दिवस बसून गेले. नदीकाठची मऊ वाट आणि डांबर यांत गुडघ्याला फार फरक पडतो, त्यामुळं बूट बदलायला लावले. दुसरं, गोष्टीची वेळ आयपीएलवर आदळली. मुलगा उठून जायचा, काका दुखावले जायचे. मग वेळ सकाळच्या चहाला आणली, मुलाला वगळलं आणि नातवाला नकाशावर पेन्सिलनं रेघ ओढायला बसवलं. ते जमलं.

तिसऱ्या भेटीत काकांसाठी एक काम सापडलं. गोव्याच्या दिंड्या पंढरपूरला जाताना आपल्याच भागातून जातात. पायाला फोड आलेल्या वारकऱ्याला काय लागतं, हे साडेचार महिने चाललेल्याला सांगावं लागत नाही: स्वच्छ पाणी, कोरडे मोजे, कापूस, चिकटपट्टी, आणि फोडात दोरा ओवू न देणं. काकांनी यादी केली, गल्लीतून वर्गणी काढली. वाटेवर खाल्लेलं सदाव्रत, म्हणजे लोकांनी फुकट दिलेलं अन्न, फेडायची वाट त्यांना घराजवळच मिळाली.

अजून वाटेवर असलेल्यांनी शेवटच्या दहा दिवसांत घरी फोन करून 'काय काय बदललं' एवढंच विचारावं आणि मध्ये बोलू नये. येताना पुण्यात किंवा मिरजेत नातलगांकडे दोन रात्री थांबावं. मावंदं दोन-तीन आठवड्यांनी घालावं. पंगत कुठं पळून जात नाही.

मात्र परतलेला माणूस दोन-तीन तासच झोपून ताजातवाना वाटतोय, अखंड बोलतोय, साक्षात्काराच्या गोष्टी सांगून जमीन-पैसा वाटायला निघालाय, तर भक्ती म्हणून सोडून देऊ नका. जेवण तुटलं, मरणाची भाषा आली, तरीही तसंच. बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर 24 तास मोफत बोलता येतं.

सहाव्या आठवड्यात काकांचे गुण तीन आले. हिशेबाची वही काकूंकडेच आहे. यंदा आषाढीला काकू दिंडीतून चालत जाणार आहेत, परतीचं एसटीचं तिकीट न काढता. गाईला किती पेंड घालायची, ते काकांनी गोठ्याच्या भिंतीवर खडूनं लिहून घेतलंय.