पत्ता देऊ नकोस, सोबत जा

चिरंजीव मुलीस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र वाचून वाईट वाटले, आश्चर्य मात्र वाटले नाही. ग्लासगोतले फुटबॉल क्लब, व्यायामशाळा आणि नाट्यवर्ग यांची यादी तू अरबी, फार्सी आणि तिग्रिन्या भाषांत छापून घेतलीस, आश्रय मागणारी मुले जिथे राहतात तिथे ती स्वतः वाटलीस, आणि तरीही मैदानावर कोणी फिरकले नाही. त्यामुळे ‘त्यांनाच यायचे नसेल का’ अशी शंका तुला येऊ लागली आहे. ती मनातून काढून टाक. सतरा वर्षांच्या मुलाला खेळायचे असतेच. तू त्याला पत्ता दिलास. त्याला सोबत हवी होती.

पुण्यात तू ढोलपथकात पहिल्यांदा कशी गेलीस, हे तूच मला सांगितले होतेस. फलक वाचून गेली नव्हतीस, वाड्यातली ताई सरावाला घेऊन गेली म्हणून गेलीस. आपल्याच पेठेत तुला सोबत लागली आणि सुदानहून एकट्याने आलेल्या मुलाने परक्या शहरात, ओळखीचे एकही माणूस नसलेल्या मैदानावर पत्रक हातात धरून यावे, अशी अपेक्षा तू कशी करतेस?

बसचे भाडे ही अडचण तू लिहिली आहेस, ती अर्धीच खरी आहे. स्कॉटलंडमध्ये जानेवारी 2022 पासून 22 वर्षांखालील सर्वांना बसप्रवास मोफत आहे. मात्र त्या कार्डासाठी वयाचा आणि पत्त्याचा पुरावा लागतो, आणि यांची मूळ कागदपत्रे बहुधा होम ऑफिसकडे, म्हणजे ब्रिटनच्या गृहखात्याकडे, अडकलेली असतात. तेव्हा कार्डाच्या अर्जासाठीही सोबत जा. बुटांचे म्हणशील तर सरकारने जेवणासह हॉटेलात ठेवलेल्या तरुणाला आठवड्याला जेमतेम दहा पौंड मिळतात आणि बहुतेकांना काम करण्याची परवानगी नसते, म्हणून क्लबाकडून जुने बूट आधीच मागून ठेव. मुलाला ते सर्वांसमोर मागावे लागू नयेत.

क्लबाच्या नोंदणीच्या वेळी तर शेजारी बसणे अटळ आहे. मी हे काम करत असे तेव्हा एका इरिट्रियन मुलाने फॉर्मवर नाव सुबक अक्षरांत लिहिले, जन्मतारीख लिहिली, आणि ‘आणीबाणीत कोणाला कळवावे’ या रकान्यापाशी त्याचे पेन थांबले. तो माझ्याकडे पाहत नव्हता, कागदाकडेच पाहत होता. त्याच्या पालक-अधिकाऱ्याला (एकट्या आलेल्या मुलासाठी नेमलेल्या माणसाला) तिथूनच फोन लावून मी तो रकाना भरून घेतला. तो एकटा असता तर फॉर्म टेबलावर ठेवून निघून गेला असता, आणि आपण सगळे म्हणालो असतो की त्याला रस नव्हता. फुटबॉलमध्ये आणखी एक पेच आहे. फिफाच्या नियमांनुसार अठरा वर्षांखालील परदेशी मुलाची पहिली नोंदणीसुद्धा मंजुरीवाचून होत नाही. एकट्या आलेल्या निर्वासित मुलांसाठी अपवाद आहे, पण तो अर्ज करूनच मिळवावा लागतो. क्लबाच्या सचिवांना हे ठाऊक नसले तर मुलगा महिनोन्‌महिने सराव करतो आणि सामन्याच्या दिवशी कुंपणाबाहेर उभा राहतो. तेव्हा सचिवांकडेही तूच जा.

आता तुझ्या नव्या प्रस्तावाविषयी. फक्त निर्वासित मुलांसाठी वेगळा ‘युवा दिन’ भरवायचा, फोटो काढायचे, जेवण द्यायचे! कशासाठी? ज्या मुलांना आधीच सगळीकडे वेगळे बसवले जाते, त्यांच्यासाठी आणखी एक वेगळी जागा कशाला? 2000 सालापासून या शहरात आश्रयार्थींना घरे दिली गेली, आणि साइटहिलच्या उंच इमारतींत स्थानिक व नवागत एकाच जिन्याने ये-जा करू लागले; पण त्यांची ओळख करून देण्याचे काम फारसे कोणी अंगावर घेतले नाही. ऑगस्ट 2001 मध्ये फिरसात दाग या 22 वर्षांच्या कुर्दी तरुणाची तिथे हत्या झाली, आणि त्यानंतर कुठे दोन्हीकडची माणसे एकत्र मोर्चाने निघाली. याउलट 2005 मध्ये ड्रमचॅपल हायस्कूलच्या मुलींचे पाहा. होम ऑफिसच्या पहाटेच्या धाडीत आपल्या वर्गमैत्रिणीला कुटुंबासह उचलून नेले, तेव्हा तिच्यासाठी उभ्या राहिलेल्या मुलींत निर्वासितही होत्या आणि इथल्याही होत्या. ती मैत्री रोज एका वर्गात बसून झाली होती, एका दिवसाच्या समारंभात नव्हे. म्हणून म्हणतो, चालू असलेल्या सरावातच त्यांना जागा करून दे, आणि तिथपर्यंत सोबत जा.

मी जिथे काम करत असे, तिथल्या वरिष्ठांना माझी ही पद्धत कधीच पटली नाही. मी मुलांना परावलंबी करतो, एका माणसाचा वेळ एका मुलावर घालवतो, अहवालात दाखवण्याजोगे आकडे देत नाही, असे ते म्हणत. मला ते तेव्हा पटले नाही आणि आजही पटत नाही. ज्याला दारापर्यंत नेले तो पुढे आपणहून जातो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. त्यांतला एक आज लहान मुलांच्या संघाला शिकवतो. खंत आहे ती वेगळीच. एका मुलाची नोंदणी अखेर मंजूर झाली, आणि पहिल्या सामन्याआधीच त्याला दुसऱ्या शहरात हलवले. त्याचा शर्ट क्लबातच राहिला. तिथल्या मैदानापर्यंत त्याला नेणारे कोणी भेटले की नाही, हे मला कधी कळले नाही. तुझ्या मुलांपैकी कोणाला हलवले, तर नव्या गावातल्या क्लबाला त्याच दिवशी फोन कर, आणि तिथे त्याला न्यायला येईल असे माणूस मिळेपर्यंत फोन करत राहा.

अठरा वर्षांखालील मुलांबरोबर नियमित काम करायचे तर पीव्हीजी, म्हणजे अशा माणसांची पार्श्वभूमी तपासणाऱ्या स्कॉटिश योजनेचे, सदस्यत्व सक्तीचे आहे. ते हाती येईपर्यंत कोणालाही एकटी घेऊन जाऊ नकोस, आणि पालक-अधिकाऱ्याला कळवल्याशिवाय तर मुळीच नको. अर्ज या आठवड्यातच भर. तोवर क्लबात जाऊन प्रशिक्षकाला भेट, मुलाचे नाव नीट उच्चारायला त्याला शिकव, आणि पहिल्या दिवशी त्याच्या जोडीला इथला कोणता मुलगा द्यायचा, ते ठरवून घे.

तुझा,
काका