आईवडिलांना धरणाच्या पाण्यावर फिरवायला कोणती बोट घ्यावी?

तुम्ही खारघरचे, पवना धरणाकाठी घर, आईवडील सत्तरीपुढचे. चार-पाच जणांना ऐसपैस बसता येईल आणि गप्पा मारताना ओरडावं लागणार नाही अशी बोट हवी, असा तुमचा प्रश्न. माझं उत्तर: पॉन्टून बोट आणि तिला इलेक्ट्रिक मोटर.

पॉन्टून म्हणजे दोन लांब ॲल्युमिनियमच्या नळ्या, वर सपाट डेक आणि चहूबाजूंनी कठडा. आमच्या ठाण्यात तलावपाळीला पॅडलबोटीच्या कडेवर कुणी पाय ठेवला की बोट त्या बाजूला कलते आणि आधी बसलेल्या आजी ‘अगं बाई’ करत शेजारणीचा दंड धरतात. पॉन्टूनमध्ये फाटकातून उभ्यानं आत जाता येतं. व्ही आकाराच्या तळाच्या बोटी लाटा कापत वेगात जायला उत्तम, पण थांबल्या की डुलतात. तुम्हाला वेग हवाय कशाला?

मोटरचं जरा नीट बघा. विक्रेता ५५ पौंड थ्रस्टची (म्हणजे बोट पुढे ढकलण्याच्या जोराची), १२ व्होल्टवाली दाखवेल. वारा पडलेला असेल तर ती पुरते. पण पॉन्टूनवर छत लावलं की वारा त्यात भरतो, आणि परतताना तोच समोरून आला तर ही मोटर दमणार. ८० पौंडी, २४ व्होल्टची घ्या. १२ व्होल्टच्या, १०० अँपिअर-तासाच्या दोन लिथियम बॅटऱ्या मालिकेत, म्हणजे एकीपुढे दुसरी अशा, २४ व्होल्टसाठी जोडल्या तर पूर्ण जोरात पावणेदोन तासांच्या आसपास मिळतात. वेग दुप्पट करायला ताकद साधारण आठपट लागते, म्हणून हळू गेलात तर हेच चार्जिंग कितीतरी जास्त टिकतं. लेड-ॲसिड स्वस्त पडेल, पण वजन दुपटीहून जास्त, उचलणार तुम्हीच.

पेट्रोल हवंच असेल तर फोर-स्ट्रोक घ्या. टू-स्ट्रोकचा आवाज आणि धूर आईवडिलांच्या माथी कशाला? एक मात्र आहे, इलेक्ट्रिक असली तरी उभ्या बोटीच्या नळ्यांवर बारीक लाटा आपटून टपटप होतेच. मला ती आवडते. नको असेल तर फायबरची जड बोट बघा.

पैसे देण्याआधी जलसंपदा खात्याकडे धरणात खाजगी बोट घालायची परवानगी विचारा. यांत्रिक बोटीला २०२१ च्या अंतर्देशीय जहाज कायद्याखाली नोंदणीचं काय लागेल, तेही तेव्हाच विचारून घ्या. प्रत्येकाला मापाचं लाइफ जॅकेट, शिवाय दोन वल्ही. आणि चाचणी सकाळच्या शांत पाण्यात घेऊ नका, दुपारी वारा सुटल्यावर घ्या.