मित्रांसोबत माइनक्राफ्ट खेळायला फुकटात सर्व्हर कसा लावायचा?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही पाच मित्र आहात, दोघे म्हापशात, बाकीचे पुण्याला आणि बेळगावला. पैसे न घालता सगळ्यांना एका जगात खेळायचंय. घरच्या लॅपटॉपवर सर्व्हर चालू केलात, राउटरवर २५५६५ पोर्टही (माइनक्राफ्टची जोडणी आत येण्याची वाट) उघडलात, तरी मित्रांना 'कनेक्शन टाइम्ड आउट' येतंय. घोडं कुठे पेंड खातंय ते आधी सांगतो, कारण मी सांखळीत बसून याच एका गोष्टीपायी दोन शनिवार-रविवार घालवलेत.

राउटरचं पान उघडा (बहुतेक वेळा १९२.१६८.१.१) आणि 'वॅन आयपी' (इंटरनेट कंपनीने राउटरला दिलेला पत्ता) बघा. मग गूगलवर तुमचा आयपी काय आहे ते शोधा. दोन्ही आकडे वेगळे निघाले, किंवा राउटरमधला पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांतल्या आकड्याने सुरू होत असेल, तर तुम्ही बहुधा सीजीनॅटच्या मागे आहात. म्हणजे इंटरनेट कंपनीने एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटून दिलाय. मित्राची विनंती कंपनीच्या यंत्रापर्यंत येते, पण पुढे कोणत्या घरी पाठवायची हे त्या यंत्राला ठाऊक नसतं, कारण पोर्टचा नियम तुम्ही फक्त तुमच्या राउटरवर लिहिलाय. अशा वेळी राउटरमध्ये कितीही खटपट करा, पालथ्या घड्यावर पाणी. कंपनीकडून स्थिर आयपी घेता येतो, पण त्याला महिन्याला पैसे पडतात आणि तुम्हाला तर फुकटात हवंय.

सर्व्हर घरीच ठेवून फुकट वाटा दोन आहेत. पहिली टेलस्केल, म्हणजे वेगवेगळ्या घरांतली मशीन्स एका खासगी जाळ्यात जोडणारं ॲप. सर्व्हरवाल्या लॅपटॉपवर आणि प्रत्येक मित्राच्या मशीनवर ते टाकायचं, आणि आपला लॅपटॉप मित्रांच्या खात्यांशी 'शेअर' करायचा. मग टेलस्केल जो १०० ने सुरू होणारा पत्ता देतं तोच मित्रांनी माइनक्राफ्टमध्ये घालायचा. दोन्हीकडची नेटवर्क जुळली तर जोडणी थेट होते, त्यामुळे म्हापसा ते पुणे खेळताना अडखळत नाही. दुसरी वाट प्लेइट. ते फक्त सर्व्हरवर चालतं आणि एक पत्ता देतं. मित्रांना काहीच टाकावं लागत नाही, मात्र सगळी ये-जा त्यांच्या मशीनमधून होते. ओळखीचे पाचच जण असाल तर टेलस्केलच घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे. तुमचा सर्व्हर बाहेरच्या जगाला दिसतच नाही, ही मोठी निश्चिंती.

सर्व्हर स्वतःच्याच मशीनवर चालवून देणारी ॲटरनॉस ही सेवाही आहे, पूर्ण फुकट. घरचं मशीन चालू ठेवायला नको. पण खेळणारे बाहेर पडले की तो आपोआप बंद होतो, पुन्हा कुणीतरी बटण दाबून चालू करायचा, कधी रांगेत थांबायचं. त्यांची मशीन्स युरोपात असल्याने ब्लॉक फोडल्यावर क्षणभर उशिरा फुटतो. सगळ्यांना हा खेळ झेपतो का एवढं बघायला आठवडाभर चालेल.

घरच्या सर्व्हरबद्दल थोडं. माइनक्राफ्टच्या आवृत्ती १.२०.५ पासून पुढे जावा (ज्यावर सर्व्हर चालतो ते सॉफ्टवेअर) २१ किंवा त्याहून नवं लागतं. जुनं जावा असेल तर सर्व्हर उघडतच नाही आणि लोकांना वाटतं फाइलच खराब आहे. पहिल्यांदा चालवल्यावर तो लगेच बंद होतो, घाबरू नका. ईयुला (वापराच्या अटींची संमती) नावाची फाइल उघडून 'फॉल्स'चं 'ट्रू' करायचं. पाच जणांना दोन-तीन जीबी रॅम पुरते. कमी पडली तर सर्व्हर प्रॉपर्टीज या फाइलमध्ये 'व्ह्यू डिस्टन्स' (किती दूरवरचं दिसावं) १० वरून ६ करा, लगेच फरक जाणवतो. लॅपटॉप वायफायवर नको, केबलने राउटरला जोडा. झाकण लावल्यावर झोपू नये अशी सेटिंग करा. 'व्हाइटलिस्ट' (ज्यांनाच आत येता येईल त्यांची यादी) चालू करून पाचही नावं घाला, आणि 'ऑनलाइन मोड' कुणीही सांगितलं तरी बंद करू नका. तो बंद केला की आत येणारा खरोखर तोच आहे का हे तपासलंच जात नाही. प्लेइटने पत्ता बाहेर दिला असेल तर कुणीही तुमच्या नावाने शिरू शकतो.

कुणी फोनवर खेळत असेल तर त्याचा खेळ माइनक्राफ्टची बेडरॉक आवृत्ती, तुमचा जावा आवृत्ती. दोन्ही सरळ जुळत नाहीत. मूळ सर्व्हरऐवजी पेपर हा प्लगइन (जोड-प्रोग्राम) चालणारा सर्व्हर वापरा, त्यात गायझर (बेडरॉकवाल्यांना जोडणारा) आणि फ्लडगेट (त्यांना जावाच्या खात्याशिवाय आत घेणारा) हे प्लगइन घाला. फोनवाल्याचा पोर्ट १९१३२, तोही यूडीपी प्रकारचा (राउटरवर प्रकार निवडताना हेच निवडा).

आता ज्याच्यासाठी मी हे उत्तर लिहायला बसलो ते. आम्ही चौघांनी आमच्या जगात सांखळीच्या वाळवंटी नदीचा काठ उभा केला होता. घाटाच्या पायऱ्या, आणि चिऱ्यांची घरं टेराकोटाच्या ब्लॉकांची, कारण तोच रंग चिऱ्याच्या सगळ्यात जवळ जातो. आमच्यातला एकजण पुण्याला शिकायला गेला होता, तो रात्री येऊन एक-एक पायरी लावायचा. सर्व्हर होता माझ्या जुन्या लॅपटॉपवर, ज्याची बॅटरी कधीच मेली होती. जूनमध्ये पावसाच्या रात्री लाईट गेली, मशीन जागच्या जागी बंद पडलं. सकाळी जग उघडलं तर नदीच्या अलीकडचा सगळा भाग कोरा, नुसतं गवत. पेनड्राइव्हवर पंधरा दिवसांपूर्वीची प्रत होती. तेवढं वाचलं, पायऱ्या गेल्या.

म्हणून बॅटरी धड असलेलाच लॅपटॉप घ्या, राउटरही इन्व्हर्टरवर टाका. प्रत काढताना सर्व्हरच्या खिडकीत आधी 'सेव्ह-ऑफ', मग 'सेव्ह-ऑल', मग 'वर्ल्ड' फोल्डर कॉपी, शेवटी 'सेव्ह-ऑन'. तसं न करता चालू सर्व्हरमधून कॉपी केलीत तर प्रत अर्धवट निघू शकते. आमच्याकडे आता रोज पहाटे चार वाजता हे आपोआप होतं, आणि एक प्रत पुण्याच्या मित्राकडेही जाते. त्या पायऱ्या त्यानेच पुन्हा बांधायला घेतल्यात.

राउटरमध्ये वॅन आयपीचे पहिले दोन आकडे कोणते दिसतात ते इथे कळवा (पूर्ण पत्ता टाकू नका), पुढचं बघू.